‘मूळचे कुठले?’ : मॉरिशसला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी कार्यपद्धती

पुढील सूचना मॉरिशसला प्रथमच जाणाऱ्या सर्व परदेशी पाहुण्यांना लागू आहेत. तरी त्या लिहिताना डोळ्यांसमोर मुख्यतः आपला माणूस ठेवला आहे. जर्मन किंवा फ्रेंच पाहुणा तिथे समुद्र बघायला जातो, समुद्र बघतो, पाठ लालबुंद करून घेतो आणि परत येतो. त्याला मार्गदर्शन लागत नाही. आपला माणूस समुद्र पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उरकतो, फोटो घरच्या ग्रुपवर टाकतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सीत बसल्याबसल्या पुढे वाकून चालकाला विचारतो, ‘‘आपलं आडनाव काय?’’ तिथून ज्या अडचणी सुरू होतात, त्यांच्यासाठी ही कार्यपद्धती आहे.

प्राथमिक माहिती थोडक्यात. देश आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पलीकडे आहे. मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग जिल्ह्यात अशी दोन बेटं बसवूनही मालवण मोकळं राहील. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा लागत नाही. चलन रुपयाच आहे, पण आपला नव्हे. जुलैत स्वेटर आणि डिसेंबरात घाम, असा उलटा हंगाम असतो. क्यूरपीप नावाच्या उंचावरच्या गावात मात्र हंगामाचा प्रश्नच येत नाही, तिथे पाऊस असतो.

माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर मार्क ट्वेनचा दाखला सापडेल, की देवाने आधी मॉरिशस घडवलं आणि मग त्यावरून स्वर्ग बेतला. ट्वेन १८९६ मध्ये इथे येऊन गेला हे खरं. पण ही बढाई त्याला इथल्या कोणीतरी ऐकवली होती आणि त्याने ती चिमटा काढत पुस्तकात टिपून ठेवली. पाहुण्याने हा खुलासा कोणाला करू नये. टॅक्सीवाला तेच वाक्य ऐकवील, तेव्हा आयुष्यात प्रथमच ऐकल्यासारखा चेहरा करावा.

इतिहास विमानात उरकावा. डच १५९८ मध्ये आले, आपल्या मॉरिस राजपुत्राचं नाव बेटाला दिलं, जावाहून ऊस आणि हरणं आणली आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंच आले. १८१० च्या ऑगस्टमध्ये ग्राँ पोरच्या आरमारी लढाईत फ्रेंचांनी इंग्रजांचा पराभव केला. त्या विजयाचं नाव पॅरिसच्या विजयकमानीवर कोरलेलं आहे. डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतलं. म्हणजे लढाई एकाकडे आणि बेट दुसऱ्याकडे. शिवाय बेट घेताना इंग्रजांनी रहिवाशांना शब्द दिला, की तुमचे कायदे, धर्म आणि चालीरीती तुमच्याकडेच राहतील. शब्द बराचसा पाळला गेला. त्यामुळे आज गाडी इंग्रजांसारखी डावीकडून चालते, चालकाच्या शेजारच्या आसनावरचं वर्तमानपत्र फ्रेंच असतं, पुढच्या गाडीवाल्याला घातलेली शिवी क्रिओलमध्ये असते आणि दोघांची टक्कर होऊन प्रकरण फारच ताणलं, तर शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे जातं.

आता मुख्य विषय. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न विचारण्यापूर्वी पाहुण्याने एवढं ध्यानात घ्यावं, की या बेटावर मूळची माणसं नव्हतीच. मूळचा रहिवासी म्हणावा असा एक ठळक प्राणी होता, डोडो. तो १६६२ नंतर कोणाला खात्रीने दिसला नाही. बाकी सगळे गलबतातून उतरलेले. कोणी मालक म्हणून, कोणी साखळदंडात, कोणी करारावर अंगठा उठवून, कोणी दुकान टाकायला. राष्ट्रचिन्हावर ढालीच्या एका बाजूला डोडो आहे आणि दुसऱ्या बाजूला सांबर, तेच जावाहून आणलेलं. मूळचा नामशेष झाला आणि आणलेला अजून आहे, ही गोष्ट या देशाने शिक्क्यावरच छापून टाकली आहे. आपल्याकडे अशी चिन्हं ठरवताना इतका प्रामाणिकपणा दाखवत नाहीत.

तरीही पाहुण्याला राहवणार नाही, हे गृहीत धरून पद्धत देत आहोत.

पहिला मार्ग आडनावाचा. आडनावावरून गाव, गावावरून पोटजात आणि पोटजातीवरून डोंबिवलीतली एखादी ओळखीची वहिनी काढण्याची आपली जी सिद्ध पद्धत आहे, ती इथे पहिल्याच पायरीवर कोसळते. करारावर आलेल्या मजुराला बंदरावरचा कारकून नाव विचारी. मजूर एकच नाव सांगे. कारकून ऐकू येईल तसं, इंग्रजी-फ्रेंच मिसळलेल्या वळणाने लिही. पुढे पणजोबाचं ते पाळण्यातलं नाव खापरपणतवाचं आडनाव झालं. त्याला ‘कर’ लागत नाही, त्यामुळे गाव हाती येत नाही. पाट्यांवरची रोमन अक्षरं सरळ वाचली तर ‘सीवूसागुर’ आणि ‘जुग्नॉथ’ अशी माणसं भेटतात. ती शिवसागर रामगुलाम आणि अनिरुद्ध जगन्नाथ आहेत, दोघेही पंतप्रधान होऊन गेले आणि पहिल्यांच्या नावाच्या विमानतळावर आपण मघाशीच उतरलो. पाहुण्याने स्पेलिंग दुरुस्त करून देऊ नये. दीडेकशे वर्षांत कोणी तशी विनंती केलेली नाही.

दुसरा मार्ग सरकारी. ज्या पाहुण्याला माणसांची वर्गवारी कागदावर लागते, त्याने इथली राज्यघटना वाचावी. त्याच्या जिवाला फार बरं वाटेल. घटनेने नागरिकांचे चार समाज केले आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. चौथ्याची व्याख्या अशी, की राहणीवरून जो पहिल्या तिघांपैकी कुठलाच वाटत नाही, तो चौथ्यातला. त्यामुळे उसाच्या मळ्यांचा गोरा मालक आणि त्याच्या पूर्वजाने विकत घेतलेल्या गुलामाचा वंशज हे दोघे एकाच खान्यात शेजारी शेजारी बसतात, कारण दोघेही सर्वसाधारण. उलट मराठी, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी या सगळ्यांची देवळं वेगळी, संघटना वेगळ्या, सुट्ट्यासुद्धा वेगळ्या. पण खाना एकच, हिंदू.

खाने कशासाठी, तर ‘बेस्ट लूझर’साठी. विधिमंडळात ६२ सदस्य निवडून येतात आणि ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या, त्याच्या पडलेल्या उमेदवारांतले बऱ्यापैकी मतं घेऊन पडलेले, असे जास्तीत जास्त आठ जण आत घेतले जातात. निवडणुकीत पडून मागच्या दाराने आत जायची सोय आपल्याकडेही आहे, पण इथल्याइतकी नीट लिहून ठेवलेली नाही. आता समाजाचं प्रमाण कुठून काढायचं? जनगणनेतून. आणि जनगणनेत समाज विचारणं कधी थांबवलं? १९७२ नंतर. समाज विचारल्याने समाजात फूट पडते, असं ठरलं. म्हणून फूट न पाडता जागा वाटण्यासाठी आजही १९७२ चे आकडे वापरतात. त्या गणनेत मोजलेले बरेच लोक आता हयात नाहीत, पण त्यांचं प्रतिनिधित्व चोख आहे. उमेदवारी अर्जात समाज लिहिण्याची सक्ती मानवी हक्कांना धरून नाही, असं संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०१२ मध्ये सांगितलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सवलत दिली गेली. पाहुण्याने या विषयावर मत देऊ नये. मत विचारलंच, तर ‘‘कोरेक’’ म्हणावं. क्रिओलमध्ये हा शब्द ‘ठीक’, ‘बरोबर’, ‘चाललंय’ आणि ‘जाऊ द्या’ या चारही अर्थांनी चालतो. ‘‘कि मान्येर?’’ म्हणजे कसं काय, असं कोणी विचारलं तरी उत्तर तेच. या दोन शब्दांवर आठवडा निघतो.

इथेच नोटांबद्दलची सूचना द्यायला हवी. मॉरिशसच्या नोटेवर इंग्रजी, तमिळ आणि हिंदी अशा क्रमाने मजकूर असतो. १९९८ मध्ये नव्या नोटा आल्या, त्यांत हिंदी वर आणि तमिळ खाली गेलं. तमिळ समाज रस्त्यावर आला आणि त्या नोटा मागे घ्याव्या लागल्या. एका ओळीची उंची काही मिलिमीटर असेल. तेव्हा पाहुण्याने नोट द्यावी, सुटे घ्यावेत. दुकानदारासमोर नोट उजेडात धरून ‘‘अरे, हिंदी पण आहे की!’’ असं म्हणू नये, विशेषतः ‘पण’वर जोर देऊन.

तिसरा मार्ग पोटाचा. याने काहीच निष्पन्न होत नाही, पण जेवण होतं. दालपुरी ही जोडीने मिळते. एक मागणारा माणूस एकतर आजारी असतो किंवा पाहुणा. डाळ भरलेल्या दोन मऊ पोळ्या, त्यांवर मोठ्या वालांची कारी, टोमॅटोची रुगाय, चटणी आणि हिरवी मिरची, सगळं कागदात गुंडाळून हातात. विक्रेता मिरची घालू का, असं विचारतो; हा प्रश्न म्हणजे केवळ शिष्टाचार नव्हे, नीट विचार करून उत्तर द्यावं. पदार्थ बिहारच्या पोरींनी आणि बायकांनी जहाजातून आणला, पण रांगेत चिनी वंशाचा बँक कर्मचारी, मौलवी, शाळेतली पोरं आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्ये’तला पोलीस असे सगळे उभे असतात. ‘गातो पिमां’ या फ्रेंच नावाखाली, म्हणजे मिरचीचा केक म्हणून जे मिळतं, तो सरळ डाळवडा आहे. तो लोणी लावलेल्या फ्रेंच पावात घालून सकाळी नाश्त्याला खातात. नूडल्स चिनी, त्यांवर घालायची मिरचीची चटणी कोणाची यावर एकमत नाही. वाडगा उपडा करून वाढलेला ‘बोल राँवेर्से’ म्हणजे भातावर अंडं आणि चिनी रस्सा. तो खाणाऱ्यात चिनी सर्वांत कमी सापडतील. आलुदा मागितलं की फालुदा येतो, सब्जासकट. शाकाहारी पाहुण्याने तमिळ किंवा तेलुगू लग्नात ओळख काढावी, केळीच्या पानावर सात कारींचं जेवण मिळेल. ओळख निघाली नाही तर अननस घ्यावा. तोही मीठमिरची लावूनच देतात.

या ठिकाणी एक सक्तीची मर्यादा घालणं भाग आहे. ‘‘अगदी आपल्या अमक्यासारखं!’’ हे वाक्य पाहुण्याने दिवसातून तीन वेळाच वापरावं. पहिल्या दिवशीचा कोटा दालपुरी, डाळवडा आणि फालुदा यांवर सकाळी साडेदहालाच संपतो, असा अनुभव आहे. म्हणून एखादं वाक्य महाशिवरात्रीसाठी शिल्लक ठेवावं. त्या दिवसांत लाखो माणसं पांढरे कपडे घालून, खांद्यावर सजवलेल्या कावडी घेऊन ग्राँ बासँ या ज्वालामुखीच्या तळ्याकडे चालत जातात. तळ्याचं आजचं नाव गंगा तलाव; १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून ओतलं. काठावर १०८ फुटांचा महादेव उभा आहे. वाटेवर ठिकठिकाणी मंडप घालून चालणाऱ्यांना फुकट खाऊपिऊ घालतात. वारी आठवते हे कबूल. पण मग पेर लावाल यांच्यासाठीही काही राखून ठेवायला हवं. हे फ्रेंच कॅथलिक पाद्री गुलामगिरीतून सुटलेल्यांत राहिले आणि १८६४ च्या ९ सप्टेंबरला वारले. दर वर्षी ८ सप्टेंबरच्या रात्री सेंत-क्र्वाच्या त्यांच्या समाधीकडे लोक चालत जातात. ख्रिस्ती जातातच, हिंदू जातात, मुसलमानही जातात. पाहुणा विचारील, मग ते नक्की कोण? त्याने विचारू नये. पायात गोळे आलेल्या माणसाला हा प्रश्न फार लांबचा वाटतो.

सुट्ट्यांचं कॅलेंडर सोबत ठेवावं. तमिळांची कावडी, चिनी नववर्ष, महाशिवरात्र, तेलुगूंचा उगादी, ईद, गणेश चतुर्थी, दिवाळी, नाताळ. शिवाय १ फेब्रुवारी गुलामगिरी संपल्याचा, १२ मार्च स्वातंत्र्याचा आणि २ नोव्हेंबर करारी मजूर आल्याचा. प्रत्येकाला एक सण आणि प्रत्येकाच्या सणाची सुट्टी सगळ्यांना, हा देश एकत्र राहण्यामागचा खरा करार असावा असा आमचा वहीम आहे. राज्यघटनेपेक्षा तो टिकाऊ दिसतो.

या यादीत गणेश चतुर्थी सापडताच पाहुण्याची छाती फुगेल, म्हणून मराठी समाजाबाबत स्वतंत्र सूचना. हा समाज लहान आहे. यांचे पूर्वज कोकणातून आणि आसपासच्या मुलखातून मुंबई बंदरामार्गे उसात राबायला आले. गणपती समुद्रात विसर्जन होतो, जाखडी अजून नाचतात, तिला इथे झाकरी म्हणतात. घरात क्रिओल बोलतात. मराठी शाळेत शिकतात, पुढे मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत शिकतात. यातून एक अवघड प्रसंग उद्भवतो. पाहुणा सावकाश, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं म्हणतो, ‘‘आम्ही ॲक्च्युअली पुण्याचे. म्हणजे बेसिकली सेटल्ड इन पुणे.’’ समोरची शिक्षिका उत्तर देते, ‘‘आपल्या आगमनाने आम्हांस फार आनंद झाला.’’ पाहुण्याने गडबडून जाऊ नये. ‘‘अरे वा, तुम्हाला मराठी येतं!’’ असंही म्हणू नये. ते तिलाही म्हणता आलं असतं, ती म्हणाली नाही.

आणि ती उलट विचारू शकते, ‘‘पुण्याचे म्हणजे मूळचे?’’ याची तयारी घरून करून जावं. आजोबा राजापूरचे, पण ते पेणहून तिथे गेलेले, कुलदैवत जेजुरी, आणि त्याआधी कुठून तरी घाटावरून उतरलेले असं उत्तर सुरू झालं की ते थांबत नाही, आणि तिच्या पूर्वजाची निदान जहाजातून उतरल्याची नोंद सरकारी वहीत आहे.

त्या वहीची जागा बघावी. पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट आहे. १८३४ च्या २ नोव्हेंबरला ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर इथे आले. पुढे शतक उलटेपर्यंत साडेचार लाखांच्या वर आले. उतरल्यावर दगडी पायऱ्या चढाव्या लागत. त्या अजून आहेत. २००६ मध्ये युनेस्कोने हे जागतिक वारसास्थळ ठरवलं. इथे पाहुण्याने विनोद करू नये; मार्गदर्शकही करणार नाही. मग नैर्ऋत्येला ल मॉर्नचा डोंगर बघावा. मळ्यांतून पळालेले गुलाम या कड्याच्या आसऱ्याला राहत. सांगतात की गुलामगिरी रद्द झाल्याची बातमी घेऊन शिपाई वर चढले, तेव्हा हे आपल्याला धरायलाच आले, असं समजून काहींनी कड्यावरून उड्या टाकल्या. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली. नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. आजचे कित्येक पाहुणे या डोंगराजवळ हेलिकॉप्टरने येतात, खालचा ‘पाण्यातला धबधबा’ बघायला. तो धबधबा नाही. उतारावरून वाळू आणि गाळ सरकताना वरून तसा भास होतो. भासाचं भाडं भरपूर आहे. डोंगर त्याच खिडकीतून दिसतो, तो फुकट.

संध्याकाळी हॉटेलात सेगा असतो. रंगीत घागरे, हसरे चेहरे, आणि शेवटी पाहुण्यांनाही नाचायला ओढतात. गुलामांच्या वस्त्यांतून आलेलं हे नाचगाणं; त्याचा रावान हा डफ बकऱ्याच्या कातड्याचा, तो जाळावर शेकवून तापवतात. युनेस्कोने २०१४ मध्ये सेगाची आणि २०१६ मध्ये भोजपुरी लग्नातल्या गीत-गवईची नोंद घेतली. पाय घासत नाचायचं असतं, उचलायचे नसतात. लेझीम घालू नये.

राहिलं वादळ. नोव्हेंबर ते एप्रिलदरम्यान जाणाऱ्याने हा भाग पाठ करावा. वादळाच्या इशाऱ्याच्या चार श्रेणी आहेत. पहिलीत सगळे शांत असतात. दुसरी लागली की शाळा बंद होतात, त्यामुळे देशातला एक मोठा वर्ग दुसऱ्या श्रेणीची मनापासून वाट बघत असतो. चौथीत ताशी १२० किलोमीटरचे झोत प्रत्यक्ष सुरू झालेले असतात, तेव्हा खिडकीशी उभं राहून व्हिडिओ काढू नये. वारा एकदम थांबला, तरी बाहेर पडू नये. तो वादळाचा डोळा असू शकतो आणि उरलेलं अर्धं वादळ उलट्या दिशेने यायचं असतं. खरेदी करायची तर पहिल्या श्रेणीतच करावी: मेणबत्त्या, पाणी, डबाबंद मासे, पाव. कोपऱ्यावरच्या दुकानात तेव्हा सगळा देश रांगेत असतो. पुढचा माणूस बोलका निघेल, त्याचं आडनाव ओळखीचं वाटेल, आणि प्रश्न जिभेवर येईल. तो गिळावा आणि आधी पाव उचलावा. अशा दिवशी मागचा माणूस गप्पा संपायची वाट बघत नाही.